उंबऱ्यावर झाडलेला पदर

खूप मागे, वाटा कमी होत्या आणि डोंगर आजच्याएवढेच उंच होते, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनो, नीट ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका, कारण गोष्ट तुमची आहे.

डोंगराच्या खांद्यावर एक एकटं घर होतं. घरात चौघं राहत. म्हातारा, त्याचा मुलगा, सून आणि तरणी नात. म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. आबांच्या शब्दापुढे घरात कुणाचा शब्द जात नसे. आबा शहाणे होते म्हणून नव्हे. आबा म्हातारे होते म्हणून.

घराखालच्या उतारावर ते नाचणी पिकवत. बुटकी, दणकट नाचणी. डोंगराचा वारा फक्त तिलाच सोसायचा. तसलं बी दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. ते बी होतं म्हणून ते घर होतं.

एका वर्षी रानातल्या वेळूला फुलोरा आला. वेळू माणसाच्या आयुष्यात एखाददुसऱ्या वेळीच फुलतो. त्याचं बी खाऊन उंदीर माजतात, आणि मग शेतात काही म्हणजे काही उरत नाही. अशा वेळची त्या घराची रीत ठरलेली होती. वर्षभर घर सोडायचं, मुलुखभर फिरून पोट भरायचं, उंदीर सरले की परत येऊन पेरायचं.

निघायची तयारी सुरू झाली. काय ती तयारी! बैल एकच. आबांनी त्याच्यावर तांब्याचा हंडा चढवला. समई चढवली. शेवटी स्वतःचा बसायचा पाट चढवला.

"आबा, पाट कशाला?" मुलाने भीत भीत विचारलं.

"मग काय, परक्या मुलखात मी दगडावर बसू?"

"बैल बसला की त्याच्यावरच बसा," नात पुटपुटली. आईने तिला चिमटा काढला.

"आणि बी?" नातीने मोठ्याने विचारलं.

"बी कणगीत राहील."

कणगी म्हणजे वेळूच्या पट्ट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली धान्याची कोठी. नात तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, उंदीर भिंत पोखरतात. ही पोखरायला किती वेळ लागेल त्यांना? हंडा ठेवा इथं. हंडा उंदीर खात नाहीत. बी बरोबर नेऊ."

"बी बाहेर पडलं की लक्ष्मी बाहेर पडली. मागच्या फुलोऱ्याला मी एवढासा होतो. माझ्या बापानं बी कणगीतच ठेवलं होतं. परत आलो, पेरलं. कसं पेरलं असतं, बी राहिलं नसतं तर?"

"पण आबा…"

"तू किती फुलोरे पाहिलेस गं?"

हा प्रश्न म्हाताऱ्यांना फार आवडतो. उत्तर त्यांना आधीच माहीत असतं.

त्या घराची आणखी एक रीत होती. निघताना प्रत्येकाने उंबऱ्यावर उभं राहून पदर, ओचा, कनवटी झाडून दाखवायची. घरातला एक दाणाही बाहेर जाता कामा नये. आबांनी झाडलं. मुलाने झाडलं. सुनेने झाडलं. नातीने पदर हातात घट्ट धरून ठेवला.

"काय आहे त्यात?"

"ओंजळभर बी. एवढंच, आबा. पाया पडते तुमच्या."

बाप जमिनीकडे बघत राहिला. त्याला पोरीचं पटलं होतं, पण पटणं आणि बोलणं यांची त्याने कधी गाठ घातली नव्हती. आई रडत होती. आणि रडत रडत तिनेच पदराची गाठ सोडली.

"दे गं बाई. निघताना तंटा नको."

दाणे कणगीत परत गेले. आबांनी वरून ओली माती थापली आणि समाधानाने हात धुतले.

पहिल्याच घाटात बैल बसला, तो उठलाच नाही. हंडा दरीत ढकलावा लागला. समई भाकरीपायी विकली गेली. पाट तेवढा मुलाने डोक्यावर वाहिला. वर्षभर ते लोकांचे दगड उचलत, लोकांची पिकं कापत, लोकांच्या गोठ्यात निजत हिंडले. भूक लागली की आबा म्हणत, "कणगीत बी आहे." हळूहळू सगळेच तसं म्हणू लागले. नात सोडून.

वर्ष सरलं. ते परत आले. कणगीच्या तळाला मुठीएवढं भोक होतं. आत लेंड्या होत्या. वर एक म्हातारा उंदीर बसला होता. खाऊन खाऊन त्याला पळताही येत नव्हतं.

"आलात?" उंदीर म्हणाला. "काही उरलं नाही बरं का. आमच्यात वाडवडील सांगत आलेत, वेळू फुलला की या घरात कणगी लिंपून ठेवलेली असते. मागच्या वेळीही होती. तेव्हाही आम्ही दाणा सोडला नव्हता."

नात आबांकडे वळली.

"मागच्या वेळीही रिकामीच होती?"

आबा पाटावर बसले.

"होती."

"मग पेरलं काय?"

"माझ्या आईनं अंबाड्यात बियाची पुरचुंडी लपवून नेली होती. उंबऱ्यावर केस कुणी सोडायला लावत नाही. परत आल्यावर तिनं अंबाडा सोडला आणि पुरचुंडी सुपात पडली. मी पाहिलं."

"आणि आम्हाला सांगितलंत, कणगीनं राखलं."

"बाप म्हणाला, हे बोलायचं नाही. त्याचा शब्द कसा खाली पाडू? आईसुद्धा कधी बोलली नाही."

"उंदरांनी आपल्या पोरांना खरं सांगितलं, आबा," नात म्हणाली. "तुम्हाला तेवढंही जमलं नाही."

मुलाने खालच्या मुलखातून मजुरीची नाचणी आणली होती. तीच पेरली. ती उंच वाढली, हिरवीगार दिसली, आणि एका वाऱ्यात सगळी आडवी झाली. पाट चुलीत गेला. नंतर चुलीवर ठेवायलाच काही राहिलं नाही.

ते पुन्हा निघाले. या वेळी तयारी काहीच नव्हती. उंबऱ्यावर सुनेचा हात सवयीने पदराकडे गेला आणि तसाच खाली आला. झाडायला काही नव्हतं.

नात पुढे चालत होती. आबा सगळ्यांच्या मागे होते. वाट कोणती धरायची ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

त्या उतारावर आता नुसता वेळू आहे. तो पुन्हा फुलेल. घर उरलेलं नाही.

बोध एवढाच: जे थोर आपली चूक पोरांपासून लपवतात, ते पोरांच्या तोंडचा घास उंदरांना घालतात.