हनमंतूचा बिल्ला

“पण माझ्यात कमी काय आहे, बाबा?”

गुणवंतशेठ ढोबळे हे तिसऱ्यांदा विचारत होते. नागपूरला त्यांचं लोखंडी कपाटांचं दुकान. बोलणं गोड, आणि नाद एकच: ओसाड कारखाने, बंद खाणी बघत हिंडायचं. जिथं जायचं तिथून एक वस्तू उचलायची नि घरी काचेच्या कपाटात मांडायची. मग पाहुण्यापुढे चहा ठेवून त्या वस्तूची गोष्ट अशी रंगवायची की चहा निवून जायचा.

या कोळशाच्या खाणीवर मात्र ते वेगळ्या कामाला आले होते. त्यांना शिष्य व्हायचं होतं. खाण बंद होऊन चाळीस वर्षं झालेली. तिचं खोल तोंड पाण्यानं भरलं होतं, वरचा लोखंडी मनोरा गंजला होता. उरले होते ते दस्तगीरबाबा. पूर्वी मजुरांना दिवे वाटायचे, आता फकीर.

“दानधर्म करतो, व्यसन नाही, कोणाचं काही घेत नाही...”

दिवस कलला होता. बाबा उठून दिव्यांच्या खोलीत गेले.

तिथं भिंतभर फळी होती, फळीवर खिळे, खिळ्यांना नंबरांचे पितळी बिल्ले. खाली उतरताना मजूर आपला बिल्ला सोबत नेई, वर आला की पुन्हा अडकवी. रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून खाली. खाण बंद झाली तरी बाबा रोज संध्याकाळी सगळ्या बिल्ल्यांवरून बोटं फिरवत. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं.

त्यातलाच एक बिल्ला दुपारपासून शेठजींच्या खिशात होता.

बाबांची बोटं थांबली.

“भागरता, एक खाली हाय.”

भाकरी घेऊन आलेली म्हातारी दारातच थबकली. तिचा जन्म या खाणीवर टोपल्या वाहण्यात गेला होता.

“कोन?”

“दोनशे चौदा. हनमंतू.”

“आहे का हा हनमंतू अजून?” शेठजींनी हसून विचारलं.

“कवाचा मेला जी,” भागरता म्हणाली.

“घरी मेला,” बाबा म्हणाले. “वर येऊन मेला.”

भागरतेनं भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं. एक जण खाली असताना या वस्तीत कोणी जेवत नसे.

शेठजींचा हात खिशाकडे गेला... आणि तिथंच राहिला. काढावा तर सांगावं काय?

“पडला असेल कुठं तरी,” ते म्हणाले. “वाऱ्यानं.”

“असंल.”

बाबा बाहेर गेले आणि गवतात गुडघे टेकून चाचपू लागले. ऐंशीचा माणूस! म्हातारीही कंबर धरून खाली बसली. मग शेठजींना उभं राहवेना. तेही बसले. बिल्ला खिशात, आणि शोध गवतात. पातळ पत्रा जाड म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला होता, तेव्हाही त्यांचे कान असे तापले नव्हते.

थंडीचे दिवस. गवत गारठून ओलं झालेलं. बाबांच्या बोटात काटा गेला. रक्त लुंगीला पुसून ते पुन्हा शोधू लागले.

“राहू द्या ना, बाबा. एक बिल्लाच तर आहे.”

“हनमंतूची बायको इथंच उभी राहे,” भागरता म्हणाली. “बिल्ला खिळ्याले लागल्याबगर पोराले पाजत नव्हती.”

शेठजींनी पाठ फिरवली. बंद मूठ गवतात घातली.

“सापडला! बाबा, सापडला!”

भागरता रडलीच. “देवमानूस हाय जी तुमी!” म्हणत त्यांच्या पायाशी वाकली. पाय मागे घेणंही त्यांना सुचलं नाही.

तिनंच बिल्ला घेतला. पदरानं पुसायला गेली.

“अवो... हा गरम कसा?”

बाबांनी हात पुढे केला. बिल्ला मुठीत धरला... बराच वेळ धरला. मग आत जाऊन खिळ्याला अडकवला.

शेठजी दारात उभे. नजर जमिनीवर.

“बाबा... मी...”

बाबांनी माठातून तांब्या भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

“रागवा तरी, बाबा. काही विचारा तरी!”

“खालून वर आलेल्या मानसाले आमी काही इचारत नसतो,” बाबा म्हणाले. “आधी पानी देतो.”