लय, पट्टी, भाव

"पण मास्तर, आधी ठरवायचं काय? लय, पट्टी की भाव?"

त्र्यंबकमास्तर पडवीत ओला हरभरा सोलत बसले होते. त्यांनी एक घाटा फोडला आणि दाणे ताटलीत टाकले.

"तुला काय वाटतं?"

हेरंब याचीच वाट बघत होता. वाद्यवृंदाच्या रचनांवर त्याची व्याख्यानं गाजत, त्यामुळे उत्तर तोंडपाठ होतं.

"आधी भाव. मग भावाला शोभेल ती पट्टी. आणि मग लय. तुमच्या जुन्या रेकॉर्डवरूनच शिकलो मी हे."

"अस्सं." मास्तरांनी पुढचा घाटा उचलला. "मला ठाऊक नव्हतं."

हेरंब हसला. मास्तर असंच बोलायचे. ऐन उमेदीत त्यांनी वाद्यवृंदाची एकच रेकॉर्ड केली होती, पण तिच्यावर मिरजेतल्या दोन पिढ्या वाढल्या. लहानपणी ती ऐकूनच हेरंबनं व्हायोलिन हातात घेतलं होतं.

खरं तर तो हे विचारायला आलाच नव्हता. ज्यासाठी आला होता ते जिभेवर येत नव्हतं, म्हणून स्वारी अशी लांबच्या वाटेनं चालली होती.

"उद्या माझं रेकॉर्डिंग आहे, मास्तर."

"ठाऊक आहे. गुंडाप्पा परवा येऊन गेला. विचारत होता, काळा कोट घालू का म्हणून."

हेरंबची मान खाली गेली.

गुंडाप्पा म्हणजे हेरंबच्या वाद्यवृंदातले सगळ्यांत जुने क्लॅरिनेटवाले. मास्तरांच्या रेकॉर्डवरही तेच होते. आता सत्तरी ओलांडली होती आणि जिना चढतानाही धाप लागत होती.

"त्याबद्दलच बोलायचं होतं," हेरंब म्हणाला. "गुंडूअण्णांना आता झेपत नाही. लांब सूर मधेच तुटतो. सगळ्या रचनेचा विचका होतो हो. पुण्याहून दुसरा वादक बोलावलाय मी."

"गुंडाप्पाला सांगितलंस?"

हेरंब खाली सांडलेली टरफलं गोळा करू लागला.

"म्हणजे नाही."

"तुम्ही सांगाल का? तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. मला... मला नाही जमणार."

ताटली बाजूला सारून मास्तरांनी धोतराला हात पुसले.

"वाजव बघू तुझी चीज."

पुण्याच्या वादकाला घेऊन गुंडाप्पांच्या नकळत केलेली तालीम हेरंबच्या फोनमध्ये होती. त्यानं ती लावली. सुरुवातीला व्हायोलिनं, मग त्यांच्यावर क्लॅरिनेट. सूर कसा लोण्यासारखा! कुठे खोट काढायला जागा नव्हती. मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

मधेच सगळी वाद्यं एकदम थांबली.

मास्तरांचा उजवा हात आपसूक वर गेला.

क्षणभरानं वाद्यं पुन्हा सुरू झाली. मास्तरांचा हात मात्र तसाच वर राहिला. सूर पुढे गेले, चीज संपली, तरी तो खाली येईना.

"मास्तर?" हेरंब घाबरला.

मास्तरांनी डोळे उघडले. हात हळूच मांडीवर ठेवला.

"हा थांबा कुठून आणलास?"

"तुमच्याच रेकॉर्डमधला आहे," हेरंब अभिमानानं म्हणाला. "तुम्हाला वंदन म्हणून घेतलाय. या थांब्यावर मी अख्खं व्याख्यान देतो. दुःख शब्दांपलीकडे गेलं की संगीतही..."

"माझा नाही तो."

"म्हणजे?"

"गुंडाप्पाचा आहे."

पडवीत चिमण्या दाण्यांवर टपल्या होत्या. मास्तरांनी त्यांना हुसकलं नाही.

"विषमज्वरातून नुकता उठला होता. नको येऊ म्हटलं, तरी आला. वरचे सूर फुंकायला अंगात त्राण नव्हतं, म्हणून पट्टी ऐनवेळी खाली उतरवली. व्हायोलिनवाल्यांनी माझ्या नावानं बोटं मोडली. त्याची बोटं थरथरत होती, म्हणून लय कमी केली. आणि तिथं... त्या जागेवर त्याचा श्वासच संपला."

"मग?"

"मग काय? मी हात वर धरला, सगळे थांबले. त्यानं श्वास घेतला. मग हात खाली आणला."

हेरंब त्यांच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं तो ज्या शांततेचा अर्थ लोकांना समजावून सांगत होता, ती एका आजारी माणसासाठी धरलेली जागा होती. ती त्यानं उचलून आपल्या रचनेत आणली होती, आणि ज्याची होती त्यालाच बाहेर काढायला निघाला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही.

"आणि भाव?" त्यानं विचारलं. "तो कुणी ठरवला?"

"ठरवायला वेळ कुणाला होता रे? सगळे त्याच्याकडे बघत वाजवत होते. पडतो की काय म्हणून."

मास्तरांनी ताटली पुन्हा पुढे ओढली. हेरंबनं न सांगता एक घाटा उचलला आणि सोलायला लागला.

"पुण्याला कळवतो मी, येऊ नका म्हणून," हेरंब म्हणाला.

"हं."

"पण मास्तर, रचना सगळी नव्यानं बसवावी लागेल. उद्या सकाळी सगळे वादक माझ्या हाताकडे बघत असतील. मी लय कोणती धरू?"

मास्तरांनी मूठभर दाणे उचलून त्याच्या तळहातावर ठेवले आणि त्याची बोटं मिटवली.

"सकाळी गुंडाप्पाला आणायला तू जा. गाडी नेऊ नकोस. त्याच्याबरोबर चालत ये."