आठवा भोवरा

सन दोन हजार एकोणीस. माघाचा शेवटचा आठवडा, चिंचा झाडावरच वाळून फुटायला लागलेल्या.

"सगळं बदलून बघितलं, उस्ताद. तरी गोल का बंद होत न्हाई?"

भूपाल मगदूम फाटकात उभा राहूनच विचारत होता. एकवीस वर्षांनी आला होता. नमस्कार नाही, चौकशी नाही. काखेत एक फळी.

दस्तगीर उस्ताद चिंचेखालच्या कट्ट्यावर बसले होते. कुरुंदवाडात चाळीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी, त्यांच्याकडचा जुना कारागीर, शेजारी चिंचा सोलत होतो.

"कोण आहे?" उस्तादांनी मला विचारलं.

"भूपाल."

"कुठला भूपाल...? भोवरा न देता गेला तो?"

"तोच."

उस्तादांच्या कारखान्याची एक रीत होती. शिकून निघणाऱ्याने लेथवर आपल्या हाताने लाकडाचा एक भोवरा करायचा. उस्ताद तो फिरवत. भोवरा एका जागी उभा राहिला, डुलला नाही, की उस्ताद म्हणत, "आता जा." मग तो भोवरा कारखान्यातल्या भिंतीवरच्या फळीवर जाई. त्याआधी कुणी जात नसे.

फळीवर अकरा भोवरे होते. पुढे एक जागा मोकळी होती.

भूपालचे सात भोवरे उस्तादांनी परत केले. आठवा करायला तो थांबला नाही. हाताच्या कामाचे दिवस संपले म्हणाला, आणि गेला.

"चपला काढ, सावलीत ये," उस्ताद म्हणाले. "उन्हात उभा राहून गोल बंद व्हायचा न्हाई."

भूपाल आला. बसला नाही.

"घरी यंत्र बनवलंय. सीएनसी राउटर. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, यंत्र ती लाकडात कोरतं. मागाच्या भंगारातले अँगल, तीन मोटरी, आट्यांच्या सळया, त्यांवरून नट सरकला की कोरणी सरकते. सगळं माझ्या हातचं. तालुक्यात कुणाकडं न्हाई."

"मग माझ्याकडं काय काम?"

भूपालने फळी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"परवा नातीचं बारसं आहे. लेकीची पोरगी. पाळणा मी करणार म्हणून साऱ्या भावकीत सांगून बसलोय. डोक्याकडच्या फळीला मधोमध गोल खिडकी पाडायची, बाळ दिसावं म्हणून. जुनं शिसव आहे, आजोबांनी राखलेलं. चार फळ्या होत्या. तीन वाया गेल्या, ही त्यातलीच एक."

"विकतचा आण पाळणा."

"मेलो तरी न्हाई."

उस्ताद हसले. फळीसाठी हात पुढे केला.

त्यांनी अंगठा गोलाच्या काठावरून फिरवला. डोळे मिटलेले. तसेही उघडून उपयोग नव्हता.

"इथं," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "इथं... इथं... आणि इथं."

चार ठिकाणी बारीक पायरी होती. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. नखाला लागेल एवढी.

"तेच तर," भूपाल म्हणाला. "प्रोग्राम तीनदा लिहिला. मोटरी बदलल्या. वायरी बदलल्या. सळईवरचा नट आवळला तर मोटर अडते. ढिला केला तर पायरी पडते."

"सरळ रेघ कशी येते?"

"दोऱ्यासारखी. तिथं बोट ठेवायला जागा न्हाई."

उस्तादांनी फळी खाली ठेवली.

"अंगठा दे."

भूपाल दचकला.

"घाबरू नको," मी म्हणालो. "कापून मागत नाहीत."

उस्तादांनी आपली दोन बोटं फाकवली. भूपालचा अंगठा मधे घेतला. हात उजवीकडे नेला. मागच्या बोटाने अंगठ्याला ढकललं, अंगठा बरोबर गेला.

मग हात डावीकडे नेला. हात निघाला. अंगठा तिथेच राहिला. जरा वेळाने दुसरं बोट येऊन टेकलं, मग अंगठा हलला.

पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

चौथ्या वेळी भूपाल खाली बसला.

"जाताना चुकत न्हाई," तो हळू म्हणाला. "परतताना... सळई आधी रिकामीच फिरते, नट जागचा हलत न्हाई."

"गोलाला किती वेळा परतावं लागतं?"

भूपालने हवेत बोटाने गोल काढला. उजवीकडे जाऊन डावीकडे. वर जाऊन खाली.

"चार वेळा."

चुलीजवळून उस्तादांच्या बायकोचा, जैबूनभाभींचा आवाज आला. "म्हंजे यंत्र मालकावरच गेलंय की. जाताना झोकात. परतायला एकवीस वर्षं."

भूपालचे कान लाल झाले. मग तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसत असावा, आवाज फाटका आला.

"पण आवळलं तर अडतं, उस्ताद."

उस्तादांनी दोन्ही बोटं अंगठ्याला दोन बाजूंनी हलकी टेकवली. दाबली नाहीत. हात उजवीकडे नेला, अंगठा गेला. डावीकडे नेला, अंगठा आला.

"एकट्या नटाला दोन्हीकडचं सांभाळायला लावतोस," ते म्हणाले. "त्याच सळईवर जोडीला दुसरा दे. मधे स्प्रिंग घाल."

"म्हंजे दोघांनी जन्मभर एकमेकांना रेटत राहायचं?"

"होय."

"या घरात पन्नास वर्षं तेच चाललंय," भाभी म्हणाल्या. "चहा टाकलाय, घेऊन जा."

पण भूपाल उठलाच होता. फाटक उघडं टाकून पळाला. स्कूटरचा आवाज घाटाकडे गेला.

कट्ट्याखाली त्याच्या चपला तशाच होत्या.

"पाठवून देऊ का?" मी विचारलं.

"ठेव," उस्ताद म्हणाले.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भूपाल आला. फाटकाबाहेर थांबला. "येऊ का?" विचारलं. हातात बर्फीचा पुडा होता. पाय अनवाणी.

"ये. नाव काय ठेवलं पोरीचं?"

"सुनंदा."

"जुनं नाव."

"माझ्या आईचं."

"गोल बंद झाला?"

"झाला. सांधा कुठं आहे ते आता मलाच सापडत न्हाई. सगळ्या बाया खिडकीतनं तोंड घालून बाळ बघत होत्या. पोरगी रडायची सोडून त्यांच्याकडं टकामका बघायला लागली."

भाभी बाहेर आल्या. बर्फी सगळ्यांना दिली. उस्तादांनी दोन तुकडे खाल्ले. भाभींनी तिसरा दिला नाही.

मग भूपालने खिशातून हात काढला आणि उस्तादांच्या तळव्यावर ठेवला.

भोवरा होता. काळंभोर शिसव.

"खिडकीतनं निघालेली चकती," तो म्हणाला. "लेथवर हातानं केलाय."

उस्तादांनी भोवरा अंगठ्याने चाचपला. टोक, पोट, मान. घाई केली नाही. भाभींनी न सांगता आतून दोरी आणून दिली.

त्यांनी दोरी गुंडाळली. कट्ट्यासमोरच्या फरशीवर भोवरा सोडला. मान वाकवून कान खाली नेला. भोवरा गुणगुणत होता.

भूपाल फरशीजवळ उकिडवा बसला.

"फिरतोय?" उस्तादांनी मला विचारलं.

"फिरतोय."

"डुलतो का?"

मी खाली वाकून पाहिलं. माझं तोंड सहसा कुणाचं कौतुक करत नाही.

"खिळा ठोकल्यासारखा उभा आहे."

भोवरा अजून फिरत होता. उस्तादांनी पायाने कट्ट्याखालच्या चपला भूपालकडे सरकवल्या.

"आता जा."