द्रोणभर तीर्थ

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावाला निवाड्यासाठी पंच लागत नसत. चोरी झाली, शेताचा बांध सरकला, गाय हरवली, की लोक देवळात जात आणि देवाला कौल लावत. गुरव देवाच्या दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवी आणि मोठ्याने प्रश्न विचारी. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. खरे काय ते कळायला दुसरीही एखादी वाट असेल, असे त्या गावात कोणाच्या मनातही येत नसे.

देवळामागे दाट राई होती. ती देवाची. तिच्यात पाऊल टाकायला सगळ्यांना मनाई होती, अगदी गुरवालाही. राईतल्या झऱ्याचे पाणी दगडी पन्हाळीतून देवळाच्या अंगणात येई. तेच तीर्थ. मोठी माणसे ते पळीभर घेत. मुलांना मात्र उन्हाळ्यात रोज सकाळी पानाचा द्रोण भरून मिळे, आणि तो गुरव स्वतःच्या हाताने देई.

एका चैत्रात गावातली मुले आजारी पडू लागली. आधी ओकाऱ्या, मग जुलाब, मग ताप. आया मुलांना खांद्यावर टाकून देवळात आणत आणि गुरव त्यांना पुन्हा पुन्हा तीर्थ पाजी. मुले बरी होईनात. मग गुरवाची स्वतःची मुलगी गेली. तिला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा पूजेला उभा राहिला.

गावाबाहेरच्या झोपडीत एक म्हातारी राहत असे. सुया, दोरे, काचेचे मणी विकायची. जवळ एक नात, बाकी कोणी नाही. म्हातारी देवळात कधी येत नसे. कोणी विचारलेच तर म्हणे, "माझा एकही मुलगा ठेवला नाही त्यानं. आमचं बोलणं बंद आहे." पूर्वी लोक यावर हसत. आता कोणी हसत नव्हते, कारण साऱ्या गावात धडधाकट पोर एकच उरले होते, आणि ते म्हणजे म्हातारीची नात.

पाटलाच्या नातवाचे दुखणे वाढले, तेव्हा पाटलाने म्हातारीला देवळापुढे आणवले. सारा गाव अंगणात जमला.

"गुरवा, लाव कौल," पाटील म्हणाला. "पोरांच्या दुखण्यामागं हीच आहे का, विचार."

गुरवाने पाकळ्या चिकटवल्या आणि प्रश्न विचारला. उजवी पाकळी थोडी हलली, थांबली आणि मग घसरून खाली पडली.

अंगणात एकदम गलका झाला. गुरवाने डोळे मिटले. मुलगी गेल्यापासून आज प्रथमच त्याला जरा मोकळा श्वास घेता आला. दोष कोणावर तरी ठेवता येत होता.

"दिवस मावळायच्या आत गाव सोड," पाटील म्हातारीला म्हणाला. "त्यानंतर दिसलीस तर या लोकांना आवरणं माझ्या हातात नाही." मागे एकदोघांनी दगड उचललेच होते. म्हातारीने नातीला पदराखाली ओढून घेतले.

"जाते," ती म्हणाली. "पण गुरवा, कौल देवाचा, प्रश्न कुणाचा?"

"पाटलांचा. विचारला मी."

"नाव माझं एकटीचंच विचारलंस? दुसरं काही विचारावंसं वाटलं नाही?"

"जीभ बघा कशी चालते!" एक बाई ओरडली. "आमची पोरं अंथरुणाला खिळलीत, अन् हिची नात टुणटुणीत! का गं, हिलाच बरं काही होत नाही?"

"अगं, तेच म्हणते मी," म्हातारी म्हणाली. "हिलाच का होत नाही? एवढं तरी विचारा की कुणीतरी!"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत पाटलाची सून पुढे आली. तिच्या खांद्यावर तिच्या मुलाची मान लुळी पडली होती. "भाऊजी, याला तीर्थ द्या," ती गुरवाला म्हणाली. "सकाळपासून पाणी पाणी करतोय."

गुरवाने पन्हाळीखाली द्रोण धरला. तो भरला. गुरवाने तो मुलाच्या ओठांपाशी नेला, आणि त्याची नजर म्हातारीच्या पदराआडून डोकावणाऱ्या मुलीकडे गेली. या मुलीला त्याने कधी द्रोण दिला नव्हता. तिची आजी देवळात येत नव्हती, म्हणून ती सकाळच्या रांगेत कधी नव्हती.

गुरवाचा हात थांबला.

त्याला आपली मुलगी दिसली. वाकळेवर पडलेली. "बाबा, पाणी," ती म्हणे, आणि तो देवळातून द्रोण भरून आणी. शेवटच्या दिवशी कितीदा आणला होता! मनात आले ते खरे असेल तर... ते खरे असू नये, असे त्याला फार वाटले. द्रोण पुढे केला की झाले. दिवस मावळला की म्हातारी जाईल, आणि मग हे कधीच कोणाला कळणार नाही. त्यालाही नाही.

"घाल ना रे त्याच्या तोंडात!" पाटील म्हणाला. "बघत काय उभा राहिलास?"

गुरवाने द्रोण जमिनीवर उपडा केला.

"मी राईत जाऊन झरा बघून येतो," तो म्हणाला. "तोवर पोराला यातलं काही देऊ नका."

"डोकं ठिकाणावर आहे का? देव कोपेल!"

"माझं न्यायचं ते त्यानं नेलंय, पाटील."

"राईत पाय टाकलास तर पुन्हा गाभाऱ्यात पाय नाही, सांगून ठेवतो." मग पाटलाचा आवाज जरा उतरला. "जायचंच असेल तर आधी कौल तरी लाव. देवाला विचारून जा."

गुरवाने मान हलवली. "नको. कौल लावला तर मी पुन्हा मला हवं तेच विचारीन."

तो राईत शिरला. झाडी त्याच्यामागे मिटली.

अंगणात कोणी बसेना. मुलगा कण्हत होता. "पाणी," तो म्हणाला. त्याची आई पन्हाळीकडे बघू लागली. पाणी गार होते, स्वच्छ दिसत होते, चार पावलांवर होते. म्हातारीने बरोबर आणलेला मातीचा लोटा पुढे केला. "विहिरीचं आहे. माझी नात हेच पिते."

"तिच्या हातचं नको!" कोणीतरी मागून ओरडले. "विष पाजेल!"

आईने सासऱ्याकडे पाहिले. पाटील राईकडे पाहत होता. तिने एकदा पन्हाळीकडे, एकदा लोट्याकडे पाहिले, आणि लोटा घेतला. आधी स्वतः दोन घोट प्याली, मग मुलाला पाजले.

गुरव परत आला तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. अंगाला असा वास येत होता की पुढची माणसे मागे सरली.

"भेकर मरून पडलंय," तो म्हणाला. "झऱ्याच्या डबक्यातच. पाण्यासाठी उतरलं असेल, कपारीत अडकलं. बरेच दिवस झालेत. त्याच्या अंगावरून पाणी खाली येतंय."

हळूहळू ते सर्वांना उमगले. दगड धरलेले हात खाली आले.

"म्हणजे तुझी पोर..." पाटील बोलता बोलता थांबला. "जाऊ दे गुरवा, नको बोलूस."

"बोलू द्या. तिला मीच पाजलं, माझ्या हातानं. आता बोललो नाही, तर उद्या मलाच वाटायला लागेल की ती दुसऱ्या कुणामुळं गेली."

"मग कौल खोटा?" एका म्हाताऱ्याने घाबरत विचारले.

"कौलाचं मला ठाऊक नाही, काका. माझा प्रश्न खोटा होता. मला नाव पाहिजे होतं, खरं नको होतं."

मग पाटील म्हातारीपुढे गेला. त्याने पागोटे काढून हातात घेतले. "आजी, चुकलं आमचं. राहा तुम्ही."

"माझं नंतर बघा," म्हातारी म्हणाली. "आधी त्याला धरा. पडेल तो."

पाटील वळला आणि त्याने गुरवाला खांद्याला धरले. तेव्हा कुठे गुरव रडला. त्याच दुपारी सारा गाव कुदळी आणि दोर घेऊन राईत गेला, आणि झरा उपसायला सर्वांच्या पुढे गुरव होता.

तात्पर्य एवढेच: सत्याकडे जाणारी वाट देवळातूनही जाते आणि देवळाबाहेरूनही. पण उत्तर आधीच ठरवून निघालेला माणूस कोणत्याच वाटेने तिथे पोचत नाही.