बेहड्यातली ढोली

“…मग चुकलं कुठे माझं, आबा?”

केतकी परुळेकरनं तिसऱ्यांदा विचारलं.

रवळू गुरव देवराईबाहेरच्या कातळावर बसले होते. या डोंगरातल्या पाखरांचे आवाज केतकीला त्यांनीच ओळखायला शिकवले होते. ककणेर, म्हणजे धनेश पक्ष्याच्या अभ्यासासाठी दोन वर्षं ती पुण्याहून येत होती.

“झाडं निवडली ती बरोबर. उंची बरोबर, भोकाचं माप बरोबर. अकरा लाकडी घरटी टांगली मी. एकातही ककणेर नाही.”

“हूं.”

“पुढच्या महिन्यात अहवाल द्यायचाय.”

“दे की.”

“काय देऊ? या डोंगरात ककणेर उरला नाही, असं लिहू?”



केतकी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. “गावात म्हणतात, रायीत मोठा बेहडा आहे. त्याच्या ढोलीत दरवर्षी जोडी यायची. पुढचं कुणी सांगत नाही.”

“त्यांनी कशाला सांगावं? केलं ते मी.”

“तुम्ही?”

“पाच वर्षं झाली. शहरातनं माणसं आली, हे एवढाले कॅमेरे घेऊन. मीच नेलं त्यांना बेहड्याखाली. माझ्या रायीतला पक्षी म्हणून मिरवायचं होतं मला.”

आबांनी कातळावरचा पाला हातानं बाजूला सारला.

“मादी आत बसलेली. ढोलीचं तोंड तिनं आतून लिंपलेलं. चोच बाहेर येईल एवढीच फट. त्यांनी समोर बांबूचं मचाण घातलं. नर फळं घेऊन आला, वर फिरला आणि तिला न भरवताच गेला. दुसऱ्या दिवशीही तसाच गेला.”

“तुम्ही मचाण काढायला नाही सांगितलंत?”

“सांगितलं. ते म्हणाले, आबा, अजून एकच दिवस. दिला मी… पाचव्या दिवशी कोयता घेऊन मीच तोडलं. पण नर पुन्हा आला नाही.”

“आणि मादी?”

“लिंपण फोडून बाहेर आली. आत बसल्यावर त्यांच्या पंखांची पिसं झडतात, तुला ठाऊक आहे. उडणार कशी? माझ्या पायाशी पडली. देवळात ठेवली तीन दिवस. समोर फळं ठेवली. तिनं चोच लावली नाही. नुसती वर बघायची.”

“ढोलीत पिल्लू होतं?”

आबांनी अंगठा आणि तर्जनी थोडी लांब धरून दाखवली. मग हात मांडीवर ठेवला.



तेवढ्यात कड्याकडून आवाज आला. लोहाराचा भाता चालावा तसा, दमादमानं. हुफ्… हुफ्… हुफ्…

केतकी ताडकन उभी राहिली. काळ्या-पांढऱ्या पंखांचा मोठा पक्षी आबांच्या मागून रायीवर उतरत होता. पिवळी चोच उन्हात झळकली. गळा फळांनी फुगला होता.

“आबा, ककणेर! गळा भरलेला आहे! म्हणजे मादी आत बसलीय!”

तिचा हात कॅमेऱ्याच्या पिशवीत गेला. एक पाय रायीच्या वाटेवर पडला.

“बस.”

आबांनी मान वळवली नव्हती. समोरच्या उघड्या डोंगराकडे बघत ते तसेच बसून होते.

“फक्त एक फोटो, आबा. लांबून. याच्यासाठी दोन वर्षं…”

ती बोलता बोलता थांबली. आपण काय म्हणालो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

रायीतून चोच लाकडावर घासल्याचा बारीक आवाज आला. एकदा. मग पुन्हा.

केतकीनं पिशवीची चेन ओढून बंद केली. वाटेवरचा पाय मागे घेतला आणि आबांच्या शेजारी येऊन बसली. रायीकडे पाठ करून.

मागे पंखांचा भाता पुन्हा चालू झाला आणि कड्याकडे विरत गेला. तिनं डोळे मिटून घेतले.

“तुम्हाला माहीत होतं?” तिनं हळूच विचारलं.

“पंधरा दिवस झाले.”

“आणि एकदाही पाहिला नाहीत?”

“ऐकतो. दिवसातनं आठ-दहा वेळा येतो.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. ते पुसण्यासाठीही त्यांनी हात उचलला नव्हता.

“पाच वर्षं वाट पाहिलीत, आबा. बघावंसं वाटत नाही?”

“वाटतं गो… म्हणून तर पाठ फिरवून बसतो.”