ठेकेदारसाहेबांचा नवा रस्ता

रस्त्यांचे ठेकेदार फत्तेसिंगराव इलाही मिस्त्रीच्या गॅरेजसमोर गरजले, "परवाच तू पिकअपचं स्टेअरिंग आणि स्प्रिंगचे पाटे दुरुस्त केलेस, आज दोन्ही गेले! हे तुझं काम?"

गिऱ्हाईकं गोळा झाली. इलाहीनं वाकून पाहिलं. गाडीखाली ओढ्यातला चिखल आणि गोटे अडकले होते.

"साहेब, ओढ्यात घातली होती काय?"

"छे! मी बांधलेल्या नव्या रस्त्यावरूनच आलो."

"मग फुकट दुरुस्त करतो. फक्त उद्या त्या रस्त्याच्या उद्घाटनात माईकवर सांगा, 'ह्या रस्त्यावर एका फेरीत माझ्या गाडीचे पाटे तुटले' म्हणून."

फत्तेसिंगराव पुटपुटले, "ओढ्यातूनच नेली होती रे."

"जरा मोठ्यानं, साहेब. मघाशी ओरडलात तेवढ्याच आवाजात!"