बताशांची लाच

राजा रणधवल हट्टाला पेटला होता. बाळराजांना सांभाळायला बाई तर हवी होती, पण तिच्या चांगुलपणाबद्दल कुणाचा एक शब्दही ऐकायला तो तयार नव्हता!

कारणही तसंच होतं. राणीसाहेब तापानं अंथरुणाला खिळलेल्या. बाळराजांसाठी ठेवलेली दाई, पोर रडू नये म्हणून त्याला गुपचूप अफू चाटवताना सापडली. आणि तिची ग्वाही दिली होती कुणी? तिच्या गावच्या पाटलानं, पुजाऱ्यानं आणि खुद्द कारभारी भगवंतरावांनी!

आता त्याच कारभाऱ्यांनी दोन बाया पुढे केल्या. एक चंद्राक्का, हसतमुख आणि जिभेवर साखर. दुसरी कोंडाबाई, तोंडाची फटकळ आणि कपाळाला कायम आठ्या.

“चंद्राक्काच घ्यावी, महाराज,” कारभारी म्हणाले. “पोरं हिच्यापाशी इतकी शांत, इतकी शांत, की घरात मूल आहे हेच कळत नाही!”

“अगं बाई! मूल गप्प झालं की मी तर हातातलं टाकून बघायला धावते!”

सगळ्यांनी वळून पाहिलं. कोपऱ्यात धुण्याचं गाठोडं बांधत येसू परटीण उभी होती. तोंडातून शब्द निसटला आणि तिनं जीभ चावली. पण आता काय उपयोग?

“असं?” राजाच्या भुवया चढल्या. “तुला एवढं कळतं, तर तूच निवड बाई. पण साक्ष हवी! आणि साक्षीदार असा हवा, जो एक शब्द बोलणार नाही, खोटं सांगणार नाही आणि लाच दिली तरी विकला जाणार नाही. उद्या दुपारपर्यंत आण. नाही जमलं, तर तूच राहायचं इथं. बाळराजे मोठे होईपर्यंत वाड्याबाहेर पाऊल टाकायचं नाही!”

“महाराज, माझं तान्हं पोर आहे घरी!”

“मग डोकं चालव!”

 येसूचा गणू सासूपाशी होता. दोन घटका आई दिसली नाही तर घर डोक्यावर घेणारं पोर ते! पाटलाला न्यावं तर तो बोलणार. शेजारणीला न्यावं तर ती जरा जास्तच बोलणार. न बोलणारं, खोटं न सांगणारं असं या जगात आहे तरी कोण? आणि एकदम तिचे डोळे चमकले.

“महाराज, उद्या बाळराजांचं बोरन्हाण आहे ना? मग या दोघींनी आजवर जी जी पोरं सांभाळली, ती तेवढी बोलवा. त्यांच्या आया बाहेर थांबतील.”

दुसऱ्या दिवशी चौकात पाट मांडला. आधी कोंडाबाई बाळराजांना मांडीवर घेऊन बसली. आत्याबाईंनी बाळराजांच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि बताशे ओतले. दार उघडलं आणि कोंडाबाईची पोरं जी धावली! एक गळ्यात पडलं, एकानं अंबाडा ओढला, एक थेट पाठीवर चढलं.

“मेल्यांनो, पडेन ना मी! नाकं पुसा आधी!”

पोरांनी नाकं पुसली. कोंडाबाईच्याच पदराला!

“ही कसली साक्ष?” कारभारी खो खो हसले. “बताशे दिसल्यावर कुठलंही पोर धावेल! महाराज, साक्षीदार विकले गेले. तेसुद्धा एकेका बताशाला!”

“खरं आहे,” राजा म्हणाला. “येसू, हरलीस!”

येसू तडक पुढे झाली. “महाराज, अर्धीच साक्ष ऐकून निवाडा करतात का? चंद्राक्का राहिलीय अजून!”

आता चंद्राक्का बाळराजांना घेऊन पाटावर बसली. पुन्हा बोरं ओतली, पुन्हा बताशे. दार उघडलं. तिची पोरं हसत, ढकलाढकली करत आत आली, आणि चंद्राक्का दिसताच जागच्या जागी थांबली. आणि मग? पटापट सगळी जमिनीवर आडवी झाली! डोळे घट्ट मिटून!

“ल-लवकर उठली असतील,” कारभारी पुटपुटले. “झोप आली बिचाऱ्यांना.”

“झोप?” येसू म्हणाली. “त्या टोकाच्या पोराकडे बघा. एक डोळा बताशावर आहे त्याचा! चंद्राक्का, जरा पडद्याआड जाता का?”

बाळराजांना कोंडाबाईकडे देऊन चंद्राक्का आड झाली मात्र, झोपलेली पोरं ताडकन उठली आणि बताशांवर तुटून पडली!

“महाराज, कारभारी म्हणाले पोरं बताशाला विकली जातात. अगदी कबूल! माझी साक्ष तीच आहे. लाच पायाशी सांडली होती, तोंडाला पाणी सुटलं होतं, तरी ही बया समोर असताना एका पोराचा हात पुढे झाला नाही. मारून, दटावून निजवल्याशिवाय पोरं अशी निजतात का?”

 राजानं कोतवालाला खूण केली आणि चंद्राक्काला पडद्याआडूनच नेलं. मग राजा असा खदखदून हसला, की बाळराजेही कोंडाबाईच्या मांडीवर हात नाचवू लागले.

“भगवंतराव, आता पुन्हा कुणाची ग्वाही द्याल तर याद राखा, तुम्हालाच बोरन्हाण घालीन! कोंडाबाई, बाळराजे तुमचे. आणि येसू, बोल, काय हवं ते माग!”

“मागणं राहू द्या, महाराज! आधी घरी जाऊ द्या. माझं पोर भुकेजलं असेल!”

राजा आणखीनच हसला. त्यानं येसूच्या बाळासाठी जरीचा शेला दिला, तिला हिरवंगार लुगडं दिलं आणि राणीसाहेबांचा मेणा दारात उभा केला.

“बाई, सावकाश नेतो हं, हिसका बसायचा नाही,” भोई अदबीनं म्हणाले.

“सावकाश कसलं?” मेण्यातून येसू ओरडली. “पळा!”